रद्दीत गेलेली वही आणि बदलापूरच्या खळ्यावरचा चौथा सूर

मी गायला शिकलो तो वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही एका गाण्याचा फक्त एक चतुर्थांश. बाकीचे तीन चतुर्थांश इतर तिघांकडे होते आणि आहेत.

गेल्या महिन्यात एका वाचकाने विचारले, ‘अंबरनाथ आणि बदलापूर एका दिवसात पाहून होते का?’ होते. सकाळी शिवमंदिर, दुपारी बारवी धरण, रात्री घरी. मला मात्र तीन दिवस लागले आणि धरण पाहायचे राहिले ते आजतागायत राहिलेच. ही हकिकत नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची आहे, त्यामुळे रस्ते आणि भाडी यांबाबत माझ्यावर विसंबू नये. इतर बाबतींत का विसंबू नये, ते पुढे कळेलच.

माझी पत्नी वसुधा त्या वर्षीच्या श्रावणात गेली. डिसेंबरात मला अंबरनाथहून एक पत्र आले. लिहिणारे फ्रान्सिस हे तिथल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. लग्नापूर्वी वसुधा त्याच कारखान्याच्या कचेरीत टंकलेखक होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे यंत्रे बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला, दोन हिवाळे राहिला आणि जाताना चार माणसांना एक गायनप्रकार शिकवून गेला. त्याला बार्बरशॉप म्हणतात. चार जण, चार निराळे सूर, वाद्य एकही नाही. मूळचा हा पुरुषांचा प्रकार, पण त्याला दोन पुरुष आणि दोन स्त्रिया मिळाल्या, म्हणून त्याने तसा बसवला. नाव न्हाव्याच्या दुकानावरून पडले आहे, असे वसुधाने मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. मी ‘असे का?’ एवढे म्हणून वर्तमानपत्राचे पान उलटले होते.

लग्नानंतर ती नाशिकला आली. तरी दर डिसेंबरात आठ दिवस माहेरी अंबरनाथला जाई आणि त्या तिघांबरोबर गाई. गाताना एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागते, म्हणजे चौघांचा शब्द एकाच क्षणी फुटतो, असेही तिने एकदा सांगितले. ‘परपुरुषांच्या तोंडाकडे?’ असे मी विचारले. त्यानंतर तिने या विषयावर काही सांगितले नाही, आणि ‘आमच्या मंडळी भजनाला गेल्या आहेत’ असे मी शेजाऱ्यांना सांगू लागलो. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे. समाजात माझी एक प्रतिमा आहे असा माझा समज होता.

घरी तांदूळ निवडताना ती काहीतरी गुणगुणे. ते फार विचित्र असे. एकाच सुरावर बराच वेळ रेंगाळायचे, आणि मग कारण नसताना, जिन्यात पायरी चुकावी तसे, एकदम खाली उतरायचे.

“चाल चुकते आहे,” मी म्हणत असे.

“बाकीचे तिघे इथे नाहीत ना,” ती म्हणत असे.

हे मला उलट उत्तर वाटे. अकरा वर्षे वाटले.

आता पत्राकडे वळतो. फ्रान्सिस यांनी लिहिले होते: ‘वसूची वही पाठवावी. इंजिनिअर साहेबाचा नियम होता, ज्याने त्याने आपला सूर आपल्या वहीत लिहायचा आणि दुसऱ्याची वही बघायची नाही, नाहीतर माणूस घसरतो. त्यामुळे तिचा सूर फक्त तिच्या वहीत आहे. माझी सून जेनी तो शिकेल. वही नसेल तर यंदापासून गाणे बंद.’

वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, आत सा, रे, ग, टिंबे, रेघा आणि इंग्रजी शब्दांचे देवनागरी तुकडे. दिवाळीच्या साफसफाईत, एखाद्या विद्यार्थ्याची कच्ची वही असावी असे समजून, मी ती रद्दीत घातली होती. हस्ताक्षर ओळखले नाही का, असे तुम्ही विचाराल. वसुधा मला लिही त्या चिठ्ठ्यांवर ‘दूध’ आणि ‘रॉकेल’ एवढेच शब्द असत. तिचा ‘सा’ मी कधी पाहिलाच नव्हता.

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने मला गोदाम दाखवले. मी परत आलो. मग क्षमापत्राचे चार मसुदे केले. तिसऱ्यात कारणांचे कोष्टक होते. ते वाचून मलाच माझी शरम वाटली, आणि समक्ष जाऊन सांगायचे ठरवले. जाण्यापूर्वी केस कापून घेतले. बार्बरशॉप या विषयाचा माझा पूर्वाभ्यास तेवढाच.

शुक्रवारी सकाळी नाशिकहून एसटीने निघालो. कसारा घाटात गाडी थांबते तिथला बटाटेवडा उत्तम, चहा न घेतलेला बरा. कल्याणला उतरून रिक्षाने उल्हासनगर कॅम्प दोन गाठले. ‘स्वतः आलात तर आधी इथे थांबा’ म्हणून पत्राच्या शेवटी तिथलाच पत्ता दिला होता: चौकडीतल्या हरीश यांचे दुकान. बटणे, चेन, इलॅस्टिक, अस्तराचे कापड. हरीश पूर्वी कारखान्याच्या गणवेशांसाठी बटणे पुरवायला येत, तिथे इंजिनिअरने त्यांना ‘ओके सर’ म्हणताना ऐकले आणि चौकडीत ओढले.

कॅम्प दोनमध्ये जाणाऱ्यांना एकच सूचना: लोकरी कोट घालून जाऊ नये. गल्ली इतकी अरुंद आणि इतकी गजबजलेली, की एका हातगाडीवरच्या आरशांत मी स्वतःला सहा वेळा पाहिले, आणि सहाही वेळा एखाद्या खात्याचा तपासनीस आल्यासारखा दिसलो. दोन दुकानदारांनी मला पाहून पावतीपुस्तके बाहेर काढली.

“आओ जीजाजी, आओ!” मी नाव सांगताच हरीश गल्ल्यावरून उठलेच. मग आतल्या दाराकडे वळून पत्नीला म्हणाले, “वसू अदी के घरवाले आए हैं!” अदी म्हणजे सिंधीत मोठी बहीण. मग मला म्हणाले, “कोट कशाला घातला? इथे डिसेंबरमध्ये पण पंखा चालतो.”

मी शोक प्रदर्शित करण्यासाठी एक वाक्य तयार करून नेले होते. ते उच्चारण्यापूर्वीच माझ्या हातात भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला आला. तिथली रीत तशी आहे: आधी पापड, मग पाणी, मग बोलणे. त्यापाठोपाठ डाळ-पकवान आले. कुरकुरीत तळलेली पुरी, त्यावर हरभऱ्याची घट्ट डाळ, वर कांदा आणि चिंचेची चटणी. ते नीटनेटकेपणाने खाता येत नाही. मी प्रयत्न केला, कोटाला विचारा.

हरीश एका गिऱ्हाइकाला इलॅस्टिक मोजून देताना गुणगुणत होते. चाल सरळ, गोड, कोणालाही लक्षात राहील अशी.

“हेच का ते गाणे?” मी विचारले.

“हेच. माझा सूर म्हणजे मेन चाल, एकदम सीधा. कुसुमताईचा माझ्यावर, वरती. फ्रान्सिसचा खाली. आम्ही तिघं आपापला घेतल्यावर जे उरलं, ते अदीचं. एकदम टेढा. तीन महिने रोज रडत होती, मालूम आहे?”

मला मालूम नव्हते.

“वही आणली ना?”

“सामानात आहे,” मी म्हणालो.

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना आकडे बनवू नका असे बजावत आलो, आणि तिथे एका पापडाच्या मोबदल्यात धडधडीत खोटे बोललो. हरीश यांना इतका आनंद झाला की त्यांनी दुसरा पापड मागवला. तो मी फार हळूहळू खाल्ला.

रात्री अंबरनाथ स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये उतरलो. चादर स्वच्छ, डास भरपूर.

शनिवारी सकाळी शिवमंदिर पाहिले. ज्यांना जायचे असेल त्यांनी सकाळी लवकर जावे, ऊन तिरपे असताना. काळ्या दगडातली शिल्पे तेव्हा भिंतीबाहेर आल्यासारखी दिसतात. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. मी त्या मोजल्या आणि खाली हात जोडून उभा राहिलो. देवाला सांगून सराव करावा, असा विचार होता. माझ्यामागे रांग लागली आणि पुजारी म्हणाले, “काका, पुढे सरका.” तेव्हा पायऱ्या आणि पाप दोन्ही बरोबर घेऊन वर आलो.

दहाला फ्रान्सिस यांच्या घरी पोचलो. कौलारू बैठे घर, दारात कागदी चांदणी, नाताळ नुकताच झालेला. डब्यातून कुलकुल, म्हणजे नाताळात करतात ते शंखाच्या आकाराचे तळलेले गोड तुकडे, आले. हरीश सगळ्यांना निरोप देऊन आधीच पोचले होते. कुसुमताई बदलापूरहून आल्या होत्या. कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका, मूळच्या तिथल्याच शेतकरी घरातल्या, आवाज असा की रुग्ण औषधाशिवाय उठून बसावा. आणि कोपऱ्यात जेनी, मांडीवर कोरी वही, हातात उघडे पेन.

“द्या मास्तर,” फ्रान्सिस म्हणाले आणि हात पुढे केला.

त्या हातात द्यायला माझ्याकडे काही नव्हते. “वही रद्दीत गेली,” मी म्हणालो. “मी घातली. मला ती ओळखता आली नाही.”

जेनीने पेनाला टोपण लावले. तो टक् असा आवाज मला आजही ऐकू येतो.

“और कल तो बोले, सामान में है!” हरीश म्हणाले.

“खोटं बोलला तो,” फ्रान्सिस शांतपणे म्हणाले. “सवय नाही बिचाऱ्याला. बघ किती घाम आलाय. पंखा लाव.”

कुसुमताई मात्र सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. “रद्दीत? भावजी, तिचं सगळंच रद्दीत घातलंत का काय?”

“नाही. साड्या आहेत. व्यवस्थित ठेवल्या आहेत.”

“साड्या गात नाय.”

मी बॅग उचलली. फ्रान्सिस यांनी मला खांदा धरून पुन्हा खाली बसवले. “आलात तर ऐकून तरी जा. अकरा वर्षं ती म्हणायची, पुढच्या वर्षी यांना घेऊन येते.”

त्यांनी खिशातून एक गोल, चपटी, शिट्टीसारखी वस्तू काढली आणि एक सूर फुंकला. तिघे अर्धवर्तुळात उभे राहिले, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. हरीश आणि कुसुमताई यांच्या मध्ये त्यांनी एका माणसाची जागा सोडली होती. ठरवून नव्हे, सवयीने.

मग ते गायले. इंग्रजी शब्द, संध्याकाळी घरी परतण्याविषयीचे काहीतरी साधेसे गाणे. तळाशी फ्रान्सिस, मध्ये हरीश यांची सरळ चाल, वर कुसुमताईंचा, त्या बोलतात त्या मानाने अविश्वसनीयरीत्या हलका आवाज. छान होते, पण कुठेतरी फट होती. दात पडलेल्या माणसाच्या हसण्यासारखी. आणि तिसऱ्या ओळीत, जिथे हरीश यांची चाल वर चढते, तिथे मला त्या फटीत एक सूर ऐकू आला. रेंगाळणारा. मग पायरी चुकल्यासारखा खाली उतरणारा. तांदळाच्या ताटासकट.

“तिथे ती खाली जाते,” मी मोठ्याने म्हणालो.

तिघे थांबले. “काय?”

“तिथे. ती एकाच जागी थांबते, आणि मग… अशी.” आणि मी गुणगुणलो. माझा आवाज वर्गात हजेरी घेण्यासाठी घडलेला आहे. पण कुसुमताईंनी तोंडावर हात ठेवला, आणि फ्रान्सिस यांनी शिट्टी पुन्हा फुंकली. “परत. पहिल्यापासून.”

मला ते सगळे पाठ होते. अकरा वर्षे ज्याला मी चुकलेली चाल म्हणत होतो, ते मला पहिल्या ओळीपासून पाठ होते. मला त्यातला सा कोणता आणि रे कोणता हे कळत नव्हते, म्हणून कुसुमताईंनी शेजारून बाजाची पेटी आणवली. मी गुणगुणायचे, त्यांनी पेटीवर सूर शोधायचा, जेनीने लिहायचा. “हा?” “नाही, जरा खाली.” “हा?” “हा.” दुपारच्या जेवणापर्यंत मी तीन ओळी दिल्या. हरीश दर ओळीला “वाह प्रोफेसर!” म्हणत. माझ्या कोणत्याही व्याख्यानाला असा प्रतिसाद मिळालेला नाही.

चौथ्या ओळीच्या शेवटी मी अडलो. शेवटचा सूर मला येत नव्हता. आठवत नव्हता असे नव्हे; तो मी कधी ऐकलाच नव्हता. कारण मला तिथेच कळले आणि ते मी सांगूनही टाकले. संध्याकाळी मी महाविद्यालयातून येई, दाराशी चपला काढी, आणि चपलांचा आवाज आला की ती गुणगुणणे थांबवी, कधी दुसऱ्या ओळीवर, कधी चौथीच्या मध्यावर; शेवटापर्यंत मात्र कधीच पोचली नाही.

“पण तुम्ही तर तो शंभर वेळा ऐकला असेल,” मी म्हणालो.

“चौघांचा मिळून ऐकलाय,” कुसुमताई म्हणाल्या. “तिचा एकटीचा नाय ऐकला कधी.”

त्यांनी तिला कधी एकटीला ऐकले नव्हते आणि मी तिला कधी इतरांसह ऐकले नव्हते. जेनीच्या वहीत शेवटचा रकाना कोरा राहिला.

“उद्या बदलापूरला गायचंय,” फ्रान्सिस म्हणाले. “जेनी?”

“मला एका रात्रीत नाही येणार, पप्पा. अंकलना येतं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.

“शेवटाला आम्ही तिघं थांबू,” फ्रान्सिस म्हणाले. “ज्या सुरावर कोणी उभं नाही, तिथं जाऊन उभे राहा. जागा रिकामी असते मास्तर, सापडते.”

रविवारी दुपारी हरीश यांच्या स्कूटरवर मागे बसून बदलापूरला निघालो, मांडीवर बॅग, बॅगेवर पेटी. वाटेत चिखलोलीला तेव्हा दोन्ही बाजूंना कापलेली भातशेती होती. आज तिथे इमारती आहेत आणि रेल्वेस्टेशनही होणार म्हणतात. त्या काळच्या रस्त्याविषयी एवढेच सांगतो, की तीन ठिकाणी मी हवेत असताना पेटी आपण होऊन वाजली.

बदलापूर गावात कुसुमताईंचे घर. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि सुकट. सुकट मी खात नाही असे सांगण्याच्या आतच ती पानात पडली होती, आणि दुसऱ्यांदा मी ती मागून घेतली, हे इथे प्रथमच कबूल करतो.

गाणे संध्याकाळी खळ्यावर. भाताची झोडणी आटपली की शेणाने सारवलेल्या त्या गोल अंगणात हे चौघे दर वर्षी गात, आणि गाव पेंढ्यावर बसून ऐके. शब्द कोणालाच कळत नसत. त्याला सगळे नुसते ‘चौघांचं गाणं’ म्हणत. कुसुमताईंच्या सासूबाई पहिल्या रांगेत होत्या.

“यो कोन नवा?” त्यांनी मोठ्याने विचारले.

“वसूचा नवरा,” कुसुमताई म्हणाल्या.

“तो? तो तं येत नाय ना कदी?”

“आला आता, आत्या.”

“कोट घालून गातंय?” सासूबाई म्हणाल्या, आणि गाव हसले. मी कोट काढला. ठेवायला जागा नव्हती, तो सासूबाईंनी मांडीवर घेतला.

मी मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिलो, हरीश आणि कुसुमताई यांच्या मध्ये. “माझ्या तोंडाकडे बघा भावजी,” कुसुमताई पुटपुटल्या, “चपला नंतर बघा.” मी पाहिले. अकरा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीवर मी आक्षेप घेतला होता, तिची माहिती अशी: समोरच्याच्या तोंडाकडे पाहिले की त्याला घाबरलेले आपले तोंडही दिसत असणार हे कळते, आणि दुसरे काही मनात येण्याइतका वेळ उरत नाही.

पहिली ओळ मी अर्धा शब्द आधी सुरू केली. दुसरीत हरीश यांच्या गोड चालीने मला ओढून नेले आणि फ्रान्सिस यांच्या भुवयांनी परत आणले. तिसरीत मी रेंगाळलो, उतरलो, आणि ते बरोबर आले. चौथी आली. तिघे शेवटच्या सुरावर जाऊन थांबले. मी एक सूर लावला. तो चुकीचा होता. तिथे हरीश उभे होते. मी वर सरकलो. कुसुमताईंनी डोळे मोठे केले. तिघांचाही श्वास संपत आलेला मला दिसत होता. मग मी, जिन्यात पायरी चुकावी तसा, जरासा खाली घसरलो.

पाय जमिनीला लागला.

तेव्हा आमच्या चौघांच्या वर, कोणीही गात नसलेला, एक बारीक, स्वच्छ आवाज वाजू लागला. मी गाताना मागे वळून पाहिले, कोण गाते आहे म्हणून. मागे एक म्हैस होती. तीही माझ्याकडेच पाहत होती.

चारही सूर अचूक जुळले की वर असा पाचवा ऐकू येतो, हे मी नंतर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात पडताळून पाहिले आहे. त्याला शास्त्रीय कारण आहे. मी त्याचा अन्य अर्थ लावलेला नाही. फक्त, ते थांबल्यावर मला बराच वेळ कोट परत मागता आला नाही, आणि सासूबाईंनीही तो पुढे केला नाही.

जेनीने बॅटरीच्या उजेडात शेवटचा रकाना भरला.

सोमवारी कल्याणहून एसटीने नाशिकला परतलो. घसा बसला होता, कोटाला चिंचेचा डाग होता, बॅगेत पापडांचे पुडके आणि कुलकुलांचा डबा होता. जेनी पुढल्या वर्षापर्यंत तो सूर शिकली, माझ्यापेक्षा पुष्कळच चांगला, आणि मी पेंढ्यावर सासूबाईंशेजारी बसू लागलो. म्हणजे कामापुरता मी एकदाच गायलो आहे.

घरी मात्र गातो. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ निवडायला बसलो. ते काम मी कधी केले नव्हते, खडे आणि तांदूळ यांत मला अजूनही वेळ लागतो. दार उघडे होते. चौथी ओळ संपवून शेवटच्या सुरावर उभा असताना शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या.

“भाऊ, राग मानू नका,” त्या म्हणाल्या, “पण चाल चुकतेय हो तुमची.”

“बाकीचे तिघे इथे नाहीत ना,” मी म्हणालो, आणि विरजण आणायला आत गेलो.